‘मॉडेल २०१९’ एवढ्यावरून गाडी कळत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या ठाणे-नवी मुंबई पुरवणीत जुन्या गाड्यांच्या छोट्या जाहिराती येतात. गाडीचे नाव, ‘मॉडेल २०१९’, ‘फर्स्ट ओनर’, ‘ठाणे पासिंग’, ‘एकदम टकाटक’ आणि फोन नंबर, बस. एवढ्या भांडवलावर लोक चार-पाच लाखांचा व्यवहार करायला निघतात. माझी विनंती अशी, की जाहिरात घेताना आणखी पाच गोष्टी सक्तीने मागाव्यात: गाडी बनल्याचा महिना-वर्ष, नोंदणीचा महिना-वर्ष, आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) बीएस टप्पा (धुराच्या प्रदूषणाचा सरकारी निकष), आरसीप्रमाणे कितवा मालक, आणि विमा कधी संपतो व त्यावर नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) किती टक्के आहे. जाहिरात दोन ओळींनी वाढेल, पण वाचकाचे निम्मे हेलपाटे वाचतील. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या दोन-तीन गाड्यांतून एक निवडताना लोकांचे गणित नेमके या माहितीअभावी चुकते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

२०१९ पेक्षा २०२० चांगली, २०२० पेक्षा २०२१ चांगली, असा सरळ हिशेब बहुतेकांच्या मनात असतो. विकणाराही त्याच हिशेबाने प्रत्येक वर्षामागे चाळीस-पन्नास हजार चढवतो. पण गाडी दर वर्षी बदलत नाही. ती बरीच वर्षे तशीच राहते आणि मग एखाद्या महिन्यात एकदम बदलते. तो महिना कोणता, हे माहीत असेल तर पैसे कशाचे देतो आहोत ते कळते.

स्विफ्टचेच बघा. तिसऱ्या पिढीची स्विफ्ट फेब्रुवारी २०१८ मध्ये आली. बेस मॉडेललाही दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा), इंजिन १.२ लिटर पेट्रोल, ८३ पीएस (अश्वशक्ती). जून २०१९ पासून तेच इंजिन बीएस-६ झाले. कंपनीने सांगितलेले मायलेज २२ वरून २१.२१ वर आले, बाकी गाडी तीच. मग फेब्रुवारी २०२१ मध्ये इंजिनच बदलले: प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर असलेले ड्युअलजेट, ९० पीएस, मॅन्युअलला २३.२० चे मायलेज, आणि सिग्नलला आपोआप बंद होऊन क्लच दाबताच चालू होणारी स्टार्ट-स्टॉप. म्हणजे ऑगस्ट २०१९ आणि डिसेंबर २०२० या दोन स्विफ्टमध्ये सोळा महिन्यांचे अंतर असूनही यंत्र एकच आहे. डिसेंबर २०२० आणि मार्च २०२१ यांत अंतर तीनच महिन्यांचे, पण इंजिन वेगळे. पहिल्या जोडीत जास्तीचे पैसे फक्त वयाचे आहेत, म्हणून तिथे घासाघीस करावी. दुसऱ्या जोडीत ते इंजिनाचे आहेत, तिथे थोडे जास्त देणे पटण्यासारखे आहे. मात्र स्टार्ट-स्टॉपच्या गाडीला वेगळ्या जातीची, महाग बॅटरी लागते. आधीच्या मालकाने पैसे वाचवायला साधी बॅटरी बसवली असेल तर ती लवकर बसते आणि स्टार्ट-स्टॉप काम करीत नाही. बॅटरीवरचे लेबल वाचून घ्या.

वॅगन-आर याहून ठळक उदाहरण आहे. २३ जानेवारी २०१९ ला नवी पिढी आली. प्लॅटफॉर्म नवा, १.२ इंजिनाचा पर्याय नवा, डिकी १८० लिटरवरून ३४१ लिटरवर गेली. त्या सुमाराला शोरूममध्ये उरलेल्या जुन्या पिढीच्या गाड्याही विकल्या जात होत्या आणि त्यांची नोंदणीही २०१९ चीच झाली. म्हणजे ‘वॅगन-आर २०१९’ या नावाखाली दोन पूर्णपणे निराळ्या गाड्या असू शकतात. ऑटोमॅटिक बलेनो शोधणाऱ्यांनी फेब्रुवारी २०२२ ची रेघ लक्षात ठेवावी. त्याआधीच्या ऑटोमॅटिकला सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा) गिअरबॉक्स आहे, त्यानंतरच्या गाडीला एएमटी (साधाच गिअरबॉक्स, पण गिअर यंत्र बदलते). सीव्हीटी गर्दीत मऊ चालतो, पण बिघडला तर खर्च मोठा. एएमटीचा खर्च आटोक्यात राहतो, पण त्यात साधाच क्लच असतो आणि माजिवडा-कापूरबावडीच्या रोजच्या कोंडीत तो लवकर झिजतो. इथे २०२१ की २०२२ हा प्रश्नच नाही. गिअरबॉक्स कोणता हवा, हे आधी ठरवायचे.

कंपनीच्या बदलांइतक्याच सरकारी नियमांच्या तारखा महत्त्वाच्या आहेत. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांना एबीएस आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली. १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची सूचना, वेगाची सूचना आणि मागचे पार्किंग सेन्सर आले. ऑक्टोबर २०१९ पासून जुन्या मॉडेलांनाही धडकचाचणीचे निकष लागू झाले, ज्यांना ते जमणार नव्हते ती मॉडेले बंद झाली. म्हणून २०१९ हे वर्ष ‘एक मॉडेल’ म्हणून धरताच येत नाही. फेब्रुवारी २०१९ ची बेस गाडी आणि नोव्हेंबर २०१९ ची बेस गाडी यांत जिवाच्या सुरक्षिततेचा फरक असू शकतो.

पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅगची सक्ती आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलांना २०२१ च्या अखेरीपर्यंत लांबली. त्यामुळे २०२० किंवा २०२१ च्या काही बेस गाड्यांना एकच एअरबॅग सापडते. डाव्या बाजूला, हातमोज्यांच्या कप्प्याच्या वर डॅशबोर्डवर एअरबॅगची अक्षरे कोरलेली आहेत का, ते हात फिरवून बघा. नसतील तर त्या गाडीऐवजी एखादे वर्ष जुनी पण वरच्या व्हेरियंटची, दोन एअरबॅगची गाडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. टचस्क्रीन नंतर बसवता येतो, एअरबॅग बसवता येत नाही.

१ एप्रिल २०२० ची बीएस-६ ची रेघ सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती वर्षावरून ओळखू नये. २०२० च्या पहिल्या तीन महिन्यांत बीएस-४ गाड्याही नोंदल्या गेल्या, आणि २०१९ च्या मध्यापासून काही मॉडेले बीएस-६ होती. आरसीवर उत्सर्जन टप्पा छापलेला असतो, तोच वाचावा. १ एप्रिल २०२३ ला बीएस-६ चा दुसरा टप्पा आला आणि त्याच सुमारापासून नव्या पेट्रोल गाड्यांच्या इंधननळ्या, रबरी सील वगैरे ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले) पेट्रोल सोसतील अशा साहित्याच्या झाल्या. त्याआधीची गाडी घेऊच नये असे नाही. पण २०२२ ची आणि २०२३ च्या उत्तरार्धातली गाडी जवळपास एकाच भावात मिळत असेल तर दुसरी घ्यावी. आधीची घेतली तर पहिल्याच सर्व्हिसला टाकीपासून इंजेक्टरपर्यंतच्या नळ्या आणि जोड तपासायला सांगावे. रबर कडक झाले असेल किंवा इंजिन बंद केल्यावर बोनेटखाली पेट्रोलचा वास येत असेल तर नळी लगेच बदलावी.

आता बनल्याचा महिना आणि नोंदणीचा महिना. दोन्ही आरसीवर असतात, जाहिरातीत मात्र जो सोयीचा तो छापला जातो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बनलेली गाडी जानेवारीत नोंदवली की विकताना तिला पुढचे वर्ष लावले जाते. पहिल्या मालकाला त्या जुन्या साठ्यावर बहुधा सूट मिळालेली असते, दुसऱ्याकडून मात्र नव्या वर्षाचा भाव मागितला जातो. भाव बनल्याच्या तारखेवर ठरवा. आरसीची पंधरा वर्षांची मुदत नोंदणीपासून मोजली जाते, तेवढा फायदा घेणाऱ्याला आपोआप मिळतोच. दोन तारखांमध्ये सहा महिन्यांहून जास्त अंतर असेल तर गाडी यार्डात उन्हापावसात उभी होती असे धरा आणि टायर, बॅटरी, वायपर, दरवाजांची रबरे नीट बघा.

२०२० ते २०२२ या काळातल्या गाड्यांबाबत आणखी दोन गोष्टी. टाळेबंदीत महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांचे किलोमीटर कमी दिसतात, पण ब्रेक ऑइल, कूलंट आणि टायर किलोमीटरवर नव्हे, काळावर खराब होतात. आणि चिपच्या टंचाईच्या दिवसांत काही कंपन्यांनी दुसरी रिमोट किल्ली नंतर देऊ असे सांगून गाडी एकाच किल्लीवर दिली होती. ती दुसरी किल्ली मालकाने नेली का, हे विचारा. नसेल तर तिचे काही हजार किमतीतून वजा करा.

पैशांचे गणित मांडून दाखवतो, आकडे समजुतीपुरते आहेत. समजा २०१९ ची हॅचबॅक ४ लाख ६० हजारांना आहे, ६२ हजार किलोमीटर चाललेली. २०२१ ची ५ लाख ४० हजारांना, ३४ हजार चाललेली. दिसणारा फरक ८० हजारांचा. आता जुन्या गाडीला वर्षभरात काय लागणार ते लिहा. चार टायर, पंधरा इंची, साधारण २० हजार. बॅटरी ५ हजार. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग मजुरीसह १० ते १२ हजार. पुढचे ब्रेक पॅड, लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड ८-१० हजार. कूलंट, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल, प्लग, फिल्टर ६-७ हजार. बेरीज पन्नास हजारांच्या आसपास जाते. म्हणजे खरा फरक तीसच हजारांचा, आणि तेवढ्यात दोन वर्षे कमी वयाची, निम्म्या चालीची गाडी मिळते. इथे नवी घ्या. पण हीच सगळी कामे जुन्या गाडीत गेल्या वर्षी झालेली असतील आणि बिले हातात असतील, तर फरक पूर्ण ८० हजारांचा उरतो. तेव्हा मी जुनी घ्यायला सांगेन. ‘सगळं नवीन टाकलंय’ या वाक्याला बिलाशिवाय किंमत देऊ नये.

विमाही याच गणितात येतो आणि पाचव्या वर्षाला त्याचे वळण आहे. गाडी चार ते पाच वर्षांची असताना आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) मूळ किमतीच्या निम्म्यावर येते, त्यानंतर ती कंपनी आणि ग्राहक यांच्या सहमतीने ठरते. झिरो डेप (दाव्यात घसारा न कापण्याची जोड-सोय) साधारण पाच वर्षांपर्यंत सहज मिळते, पुढे काही कंपन्या देतात, पण हप्ता वाढवून. झिरो डेप नसेल तर दाव्यात प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के. म्हणजे बंपर फुटला की अर्धी किंमत खिशातून. भाव पक्का करण्याआधी दोन्ही गाड्यांच्या नंबरवर विम्याचे कोटेशन काढा. एकाच मॉडेलच्या साडेचार आणि साडेपाच वर्षांच्या गाड्यांत इथे चांगलाच फरक निघतो.

कर्जाने घेणाऱ्यांनी बँकेला आधी विचारावे. कर्ज फिटेल तेव्हा गाडीचे वय किती असेल यावर बँका मर्यादा घालतात आणि जुन्या गाडीला व्याजही जास्त लावतात. दुसरे म्हणजे, विकणारा ‘ऑन-रोड साडेआठ लाख पडली होती’ असे सांगतो, त्याकडे लक्ष देऊ नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि वरचा सेसही गेला. तुलना करायची ती आज तीच गाडी शोरूममध्ये काय भावाने मिळते त्याच्याशी.

वर्षाचा निकाल लागला की मग गाडीची प्रकृती. आपल्या भागात सर्वात मोठी फसवणूक पाण्यात बुडालेल्या गाड्यांची होते, म्हणून तिथे थांबतो. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुराने बदलापूर-कल्याण पट्टा बुडाला, जुलै २०२१ मध्ये महाड-चिपळूण. सखल भागातल्या सोसायट्यांची तळघरातली पार्किंग तर दर काही वर्षांनी भरते. अशा गाड्या धुऊन-पुसून, नवे सीट कव्हर घालून, अत्तर मारून दूरच्या शहरात विकायला येतात. बुडालेली गाडी पहिले काही महिने बरी चालते. मग वायरिंगच्या जोडांत हिरवा गंज चढतो, एअरबॅगचा दिवा लागतो, पॉवर स्टिअरिंग मधेच जड होते, आणि इलेक्ट्रिशियनकडे नेमका दोष सापडत नाही, कारण दोष एका जागी नसतोच.

ती ओळखायची कशी? चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला मातकट पट्टा किंवा बुरशीचे ठिपके असतील तर पाणी तिथवर आले होते. चालकाची सीट पुढे-मागे सरकवून खालचे बोल्ट, रूळ आणि पिवळा एअरबॅग जोड टॉर्चने बघा. कार्पेटची कड उचलून खालच्या फोमला हात लावा, ओल किंवा बारीक रेती लागते का ते पाहा. स्टेपनीच्या खड्ड्यात गाळाची रेघ, फ्यूज बॉक्समध्ये पांढरी-हिरवी भुकटी, हेडलाइटच्या आत पाण्याची पातळी दाखवणारी रेषा ही पुढची चिन्हे. सीट कव्हर आणि मॅट कोरे करकरीत असतील तर ती काढूनच तपासा. विकणारा काढू देत नसेल तर तिथून निघा.

विम्याच्या पॉलिसीवरचा नो क्लेम बोनस बोलका असतो. एक वर्ष दावा न केल्यास २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. पहिल्याच मालकाची सहा वर्षांची गाडी आणि बोनस शून्य किंवा २० टक्के असेल, विम्यात खंडही पडलेला नसेल, तर गेल्या दोन-तीन वर्षांत दावा झाला आहे. कशाचा, हे विचारा आणि दुरुस्तीचे बिल मागा. आरशाचा असेल, एप्रनचाही (इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या आतल्या पत्र्याचाही) असेल. हा बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही, तेव्हा ‘पन्नास टक्के बोनस आहे’ म्हणून कोणी भाव वाढवू नये.

अपघाताच्या तपासणीत रंगाच्या चकाकीकडे नव्हे, बोल्टकडे बघा. बोनेट आणि फेंडरच्या बोल्टांवरचा रंग पान्याने उडालेला असेल तर ते भाग उघडले गेलेत. एक फेंडर किंवा एक दरवाजा रंगवलेला असणे, हे ठाण्याच्या रहदारीत चालायचेच, त्यावर गाडी नाकारू नये. नाकारायची ती एप्रन, पुढची पट्टी, पिलर किंवा छत यांना हात लागलेला असेल तर. कारखान्यातले स्पॉट वेल्डिंग सारख्या अंतरावर गोल खळग्यांसारखे दिसते, गॅरेजमधले ओबडधोबड असते. रंगाची जाडी मोजायचे यंत्र असेल तर मूळ रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो. अडीचशेच्या वर गेला की पुन्हा रंगवलेला, त्याच्याही बराच वर असेल तर खाली पुट्टी. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर कोणीतरी तो बंद केला आहे आणि आत एअरबॅग असेलच असे नाही.

मीटर मागे फिरवणे आता लॅपटॉपचे काम आहे, त्यामुळे आकड्यावर एकट्यावर भरवसा नको. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मूळ टायर साधारण ४०-५० हजार किलोमीटर जातात. मीटर २८ हजार दाखवते आणि चारही टायर गाडी बनल्याच्या तारखेपेक्षा तीन वर्षांनी नवे, हे जुळत नाही. क्लच-ब्रेकच्या पेडलचे रबर, स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली कड, चालकाच्या सीटची दबलेली उजवी बाजू, ब्रेक डिस्कच्या कडेला वर आलेली धार, हे सगळे एकमेकांशी ताडून बघा. मालकाच्या संमतीने अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून तारीखवार नोंद काढली तर प्रत्येक भेटीचे किलोमीटर कळतात. आकडा मधेच खाली उतरला असेल तर पुढे बोलायचे कारण नाही.

डिझेल गाड्यांत वर्षाचा हिशेब उलटा होऊ शकतो. बीएस-६ डिझेलला काजळी अडवणारा डीपीएफ असतो. साचलेली काजळी जळून जाण्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटे सलग बऱ्या वेगात चालावी लागते. पाम बीच रोड किंवा द्रुतगती मार्ग नियमित वापरणाऱ्याची गाडी ते आपोआप करते. कासारवडवली ते तीन हात नाका एवढेच रोज रांगत जाणारी करू शकत नाही. जळण्याची क्रिया अर्धवट तुटत राहते आणि जास्तीचे डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिक ओढून बघा: ऑइल वरच्या खुणेच्याही वर, पातळ आणि डिझेलच्या वासाचे असेल तर ती गाडी कितीही नवी असो, सोडा. रोजची धाव दहा किलोमीटरच्या आत असलेल्याने डिझेलच घेऊ नये. घ्यायचेच असेल तर काही छोट्या डिझेल मॉडेलांची डीपीएफ नसलेली बीएस-४ गाडी त्याला कमी त्रास देईल.

सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) लागते. टाकीवरच्या पट्टीवर शेवटची तारीख बघा आणि आरसीवर इंधन ‘पेट्रोल/सीएनजी’ लिहिले आहे याची खात्री करा. बाहेरून बसवलेले, आरसीवर न चढवलेले किट विम्याच्या दाव्यात आडवे येते. टाकीखालचा पत्रा गंजतो, तोही टॉर्चने बघा. खाडीकाठच्या वस्त्यांत, ऐरोली, वाशी, कोपरी या बाजूला उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे दरवाजांचे खालचे शिवण आणि सायलेन्सर आधी जातात. उंदरांनी कुरतडलेली वायर तर नवी मुंबईतल्या कितीतरी गाड्यांत सापडते. बोनेटखाली काळ्या टेपचे ताजे वेटोळे दिसले की त्यामागे काय तुटले होते, हे विचारा.

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना बघायला जा. आधीच गरम करून ठेवलेल्या इंजिनाचा आवाज खोटा असतो. चालवताना एक चढ हवाच: ठाण्यात उपवनकडून येऊरचा, बेलापुरात पारसिक हिलचा. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, तर क्लच गेला. मग गर्दीत एसी लावून दहा मिनिटे उभे राहा, तापमानाचा काटा आणि एसीचा गारवा दोन्ही टिकले पाहिजेत.

कागदांपैकी बँकेचा बोजा, थकीत ई-चलान आणि नंबरप्लेट ही तीन कामे विकणाऱ्याने पैसे घेण्याआधी पुरी करावीत. बोजा उतरवायला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. चलान राज्याच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे चार आकडे टाकून दिसते. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवायचा खर्च ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये. एमएच-०४ ची गाडी वाशीच्या माणसाने घेतली तरी नंबर तोच राहतो आणि राज्यात पुन्हा कर लागत नाही. दिल्ली पासिंगच्या स्वस्त डिझेल गाड्या मात्र इथला कर भरून, नवा नंबर घेऊन किती स्वस्त उरतात, ते आधी मोजा. तिकडे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना बंदी आल्यानेच त्या इकडे येऊ लागल्या.

व्यापाऱ्याकडून घेत असाल तर त्याचे आरटीओचे अधिकारपत्र मागा. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून ही व्यवस्था आहे आणि मालकाने गाडी व्यापाऱ्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९-सी वर आरटीओला जायला हवी. तरीही मालकी बदलण्याच्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन गाडी हातोहात फिरवण्याची पद्धत सर्रास चालते. यात विकणाऱ्याचे नुकसान अधिक आहे. आरसीवर ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. फॉर्ममध्ये घेणाऱ्याचे नाव आणि तारीख भरल्याशिवाय सही करू नका, फास्टॅग त्याच दिवशी बंद करा, आणि ताबा दिल्याच्या कागदावर तारखेबरोबर वेळ व मीटरचा आकडा लिहून दोघांच्या सह्या घ्या. घेणाऱ्याने विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करावा.

आपला,
एक वाचक
(जुन्या गाड्यांची तपासणी हा व्यवसाय)
कळवा, ठाणे